होटगीच्या रानात साहेब थांबले होते की नाही?

संपादक महाशयांस,

प्रथम तारखा, मग माणसे, मग हकीकत. हा क्रम माझा आहे. छापताना तो बदलू नये, ही विनंती नव्हे, अट आहे.

सन १९३४, मे महिन्यातील दुसरा सोमवार : चाचणी झाली, अपुरी राहिली. लगेचचा मंगळवार : तीच चाचणी पुरी झाली, परंतु मोजली गेली नाही. त्याच वर्षी जून, मृगाच्या तोंडावर : अहवालातील शब्द बदलले गेले. ऑगस्ट : औत उचलून नेण्यात आले.

जबाबदार इसम तीन. पहिले, ज्या सरकारी खात्याने हे औत करवून घेतले त्याचे तेव्हाचे विभागीय अधिकारी. त्यांचे नाव मी देत नाही, पुढे त्यांना नुसते 'साहेब' म्हणेन. त्यांना ते ठाऊक आहे. दुसरे, माझ्याच हाताखालचे ज्युनिअर वकील, ज्यांनी मला न विचारता अहवालाची दुसरी प्रत टाइप केली. तिसरा मी, कारण करारात 'दोन्ही अधिकारी समक्ष हजर असताना' हे शब्द मीच घातले होते.

आपल्या मासिकाच्या या सदरात लोक भुताखेतांच्या गोष्टी लिहितात. मी त्या आजवर वाचीत नसे. तीस वर्षे वकिली केली, त्यांतली शेवटची बारा सरकारची. एका जमिनीच्या दाव्यात प्रतिवादीने पिंपळावरच्या मुंजाला आपला साक्षीदार केले होते. त्या मुंजाची उलटतपासणी मी अशी घेतली की मुन्सफांना रुमाल तोंडाशी धरावा लागला. तेव्हा पुढील मजकूर कोणा भाबड्या माणसाने लिहिला आहे, असे कोणी समजू नये.

माझे काम काय होते ते आधी सांगतो. सरकार कधी कधी असे काही करवून घेते, जे अजून कोणी केलेलेच नाही... नवे अवजार, नवा पंप, नवी रीत. अशा प्रयोगांचे खासगी कारागिरांशी करार होत. ज्युनिअर मसुदे करीत, मी तपासून सही करी. प्रत्येक नव्या ज्युनिअरला मी पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवीत असे. खुर्ची विकत घेण्याचा करार निराळा आणि प्रयोगाचा करार निराळा. सुताराने खुर्ची दिली नाही तर तो करारभंग होय. प्रयोग करणाऱ्याने प्रामाणिकपणे झटून प्रयोग केला आणि तो फसला, तर तो करारभंग नव्हे. फसण्याचा हक्क कारागिराने आधीच विकत घेतलेला असतो.

कारागीर होते शिवलिंगप्पा मिस्त्री. रेल्वेच्या कामावरून निवृत्त झालेले, होटगीला स्टेशनापलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा भाता आणि ऐरण. घरात कानडी बोलत, बाहेर मराठी. त्यांनी बैलाने ओढायचे एक औत काढले होते. चालता चालता ते काळ्या रानात लहान लहान खळगी पाडी, म्हणजे वळवाचे पाणी वाहून न जाता तिथेच मुरावे. आपल्या जिल्ह्यात अशा औताचे मोल काय, हे मी सांगायला नको. करार असा : दोन्ही अधिकारी, म्हणजे साहेब व मी, समक्ष हजर असताना एका जोडीने, या बांधापासून त्या बांधापर्यंत, न अडखळता औत चालवून दाखवावे. प्रामाणिक प्रयत्नानंतरही ते फसले तर औत आणि त्याची रचना मिस्त्रींचीच राहील. मात्र मिस्त्रींच्या दोषामुळे चाचणी बुडाली, तर दोन्ही सरकारजमा. या एका फरकावर त्या माणसाच्या सात वर्षांच्या मेहनतीची मालकी टांगलेली होती.

सोमवारी सकाळी उन्हे तापायच्या आत आम्ही रानात पोहोचलो. होटगीच्या पुढे, रूळ डावीकडे ठेवून, गाडीने थोडे गेल्यावर ते रान लागते. झाड नाही, विहीर नाही, थडगे नाही, देवाचा दगडसुद्धा नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे खात्यातल्या एकाने 'तिथे काहीतरी जुने स्थान असेल' अशी पुडी सोडली. रान भिवा नावाच्या शेतकऱ्याचे, आणि जोडीही त्याचीच. त्याला मी शपथेवर घेतल्यासारखे विचारले. तो म्हणाला, दरसाल नांगरतो, दरसाल पेरतो, आजा पेरीत होता.

औत सुरू झाले. सुंदर चालले, हे माझे शब्द नव्हेत, साहेबांचे आहेत. खळगी ओळीने पडत होती, जणू कोणी मोठ्या सुईने टाके घालीत जावे. रानाच्या मध्याशी जोडी थांबली.

भिवाने हाकारले. कासरा झटकला. बैल बुजले नव्हते, फुरफुरत नव्हते, मागे हटत नव्हते. नुसते उभे होते, गोठ्यात उभे असावेत तसे.

"आवो सायेब, वड्याच्या गाळातनं भरली गाडी काडत्यात ही," भिवा म्हणाला. "आज काय संपावर गेली काय की, गिरणीवाल्यावानी."

साहेब हसले. आम्ही सगळेच हसलो. औत जड झाले असेल, म्हणून मिस्त्रींनी ते सोडवले. मोकळी जोडीही पुढे गेली नाही. शेजारच्या रानातून दुसरी जोडी आणली. ती त्याच जागी थांबली, अगदी पहिल्या जोडीच्या खुरांच्या ठशांवर. मग मिस्त्रींनी पटका काढून खांद्याला गुंडाळला आणि जू स्वतःच्या खांद्यावर घेतले. ते तीन-चार पावले चालले आणि उभे राहिले. मी जवळ जाऊन विचारले, काय झाले? 

"काय न्हाय, वकीलसाहेब," ते म्हणाले. "जायाचं हाय. जाईना झालोय."

ही असली साक्ष कोर्टात मी एका वाक्यात उडवून दिली असती. म्हणून मी स्वतः पुढे झालो.

आता मी जे लिहितो ते तोलून लिहितो. मला भीती वाटली नाही. छातीत धडधड नाही, घेरी नाही, गार वारा नाही, कुणाचा आवाज नाही. पायांना काही अडले नाही. पुढे जावे, असे माझ्या मनात स्पष्ट होते आणि मी गेलो नाही. जसे आपण हात उचलू म्हणतो आणि तो उचलला जातो, ती मधली गोष्ट, जिला आपण कधी नाव देत नाही, ती तिथे नव्हती. मागे वळताना ती परत आली. मी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. ढेकूळ उचलून पुढे फेकले, ते सरळ पलीकडे जाऊन फुटले. बांधावरून वळसा घालून पलीकडच्या बाजूने आलो, तर सगळे थांबले होते त्याच रेषेशी पलीकडूनही थांबलो. बांधावरून मात्र कोणीही खुशाल जात-येत होते.

त्याच बांधावरून भिवाची आई, गंगूबाई, आमच्यासाठी भाकरी घेऊन आली होती. भिवा तिला म्हणाला, आये, तू जाऊन दाव की जरा.

"मी कशाला जाऊ?" ती म्हणाली. "भाकरी हिकडं, खाणारं हिकडं. तिकडं काय माज्या म्हायेरचं वऱ्हाड बसलंय व्हय?"

यावर साहेबांचा संयम सुटला. मिस्त्री थकले आहेत, मी वयस्क आहे, कुणबी भित्रे आहेत, असे म्हणून ते ताठ पावलांनी निघाले. मी त्यांच्या डाव्या हाताला, काही हातांवर उभा होतो. डोळे माझे अजून उत्तम आहेत. साहेब त्या रेषेशी आले आणि थांबले. उजवा बूट अर्धवट उचललेला होता, तो त्यांनी खाली ठेवला, होता तिथेच. किती वेळ उभे होते ते मी मोजले नाही, पण भिवाला हसू आवरावे लागेल इतका वेळ खास. मग ते वळले. चेहऱ्यावर काहीही नव्हते. त्यांनी पाणी मागितले, ऊन फार झाले म्हणाले, आणि मोटार सुरू करायला सांगितली. उद्या परत येऊ, असे मी सुचवले. त्यांना सवड नव्हती.

मंगळवारी सकाळी मी एकटाच गेलो. मिस्त्रींनी औत जोडले, भिवाने हाकारले, आणि जोडी या बांधापासून त्या बांधापर्यंत गेली. न अडखळता. परत आली, पुन्हा गेली. मी त्या जागेवरून चालत गेलो, परत आलो. काहीही नव्हते, ढेकळे होती. गंगूबाई बांधावर बसून म्हणाली, काल सायेबास्नी बगून रान लाजलं असंल. मिस्त्री मात्र हसले नाहीत. खळग्यांच्या ओळीकडे पाहत त्यांनी मला एवढेच विचारले की ही चाचणी धरतील ना. मी म्हणालो, धरतील. त्या वेळी माझी तशी खात्री होती.

धरली नाही. 'दोन्ही अधिकारी समक्ष हजर असताना', हे माझेच शब्द माझ्यासमोर ठेवण्यात आले.

मी अहवालात लिहिले : सोमवारी चाचणी अज्ञात कारणामुळे पुरी होऊ शकली नाही. यंत्र, बैल व कारागीर यांत दोष आढळला नाही. उपस्थित सर्व इसम त्याच जागी थांबले. साहेबांनी मला बोलावून घेतले. ते मला खुर्ची देऊन, चहा मागवून, अतिशय सौजन्याने बोलले, हे मी नाकारीत नाही.

"वकीलसाहेब, हे मुंबईला कसे पाठवू? मला वेड लागले म्हणतील. सरकारी कागदात 'कारण अज्ञात' चालत नाही."

मी म्हणालो, "इतर कागदांत चालत नसेल. प्रयोगाच्या कागदात चालते. कारण अज्ञात असते म्हणूनच तर सरकार प्रयोग करते."

त्यांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, त्यांना त्या दिवशी ऊन लागले होते, आणि आपण तिथे थांबल्याचे त्यांना आठवत नाही. मी करारातल्या दैवी आपत्तीच्या कलमाकडे बोट दाखवले. त्यात पूर, वीज आणि भूकंप आहेत, हे त्यांनी वाचून दाखवले. कलम मीच लिहिले होते. मला ते पाठ होते.

मी अहवाल बदलला नाही. तो बदलला गेला. 'अज्ञात कारणामुळे' गेले, 'यंत्रातील दोषामुळे' आले, आणि पुढची दोन्ही वाक्ये गाळली गेली. माझ्या ज्युनिअरने मला नंतर सांगितले की साहेबांचा तोंडी हुकूम होता, आणि त्याला दोन मुली उजवायच्या आहेत. मुलींची लग्ने यथासांग होवोत. परंतु त्या तीन अक्षरी 'दोष' या शब्दाबरोबर — क्षमा करा, अक्षरे दोन आहेत, रागात माझी मोजणी चुकते — त्या शब्दाबरोबर औतही सरकारजमा झाले.

ऑगस्टमध्ये लॉरी होटगीला आली तेव्हा मी हजर राहिलो. कायद्याने हजर राहण्याचे कारण नव्हते. मिस्त्रींनी स्वतः हात लावून औत चढवले, हमालांकडून पाते वाकेल म्हणून. लॉरी गेल्यावर ते शेडच्या उंबऱ्यावर बसले.

"माजं औत थांबलं म्हून दोषी," ते म्हणाले. "बैल थांबले, त्ये दोषी न्हायत. तुमी थांबलासा, तुमी न्हाय. सायेब थांबले, त्ये तर न्हायतच. मग थांबणं गुन्हा हाय का औत असणं गुन्हा हाय, त्येवडं सांगा की."

 पुढल्या वर्षी मी पेन्शनीत निघालो. तेव्हापासून खात्याला मी पत्रे लिहीत आलो आहे. पोचा येतात, उत्तर येत नाही. आता कळते की मिस्त्रींच्या औताची रचना एका कारखान्याला नव्या नावाने देण्याचे घाटत आहे. 'दोष' असलेले यंत्र कारखान्याला कशासाठी हवे, हे मला कोणी सांगितलेले नाही. मिस्त्री अजून शेडमध्ये असतात. लोक विळे-कोयते पाजवून नेतात. नवे काही ते करीत नाहीत.

त्या सोमवारी काय घडले? मला ठाऊक नाही. भूगर्भ जाणणाऱ्या एका प्राध्यापकांना विचारले, ते म्हणाले जमिनीखालील वायू. वायूने ढेकूळ थांबत नाही हे कबूल, पण वायू रेषेत उभा राहतो काय? डॉक्टर म्हणाले, उन्हाचा ताप आणि एकाचे पाहून दुसरा. बैलांनी कोणाचे पाहिले? माझ्या पत्नीने त्या रानाची शांत करायला सुचवले, ती करविली. त्याने मला शांती झाली नाही, रानाला झाली असल्यास कळायला मार्ग नाही. दोन वर्षे विचार करून माझ्यापाशी आजही स्पष्टीकरण नाही. असे लिहिण्याची मला लाज वाटत नाही. खोटे स्पष्टीकरण लिहून घेणाऱ्यांना ती वाटायला हवी.

म्हणून माझी मागणी अगदी लहान आहे. ती मी याच मासिकाच्या पानावरून, उघडपणे, त्या अधिकाऱ्यांकडे करीत आहे. भुते आहेत की नाहीत, हे त्यांनी सांगू नये. ते का थांबले, हेही मी विचारीत नाही. ते त्यांना माझ्याइतकेच अज्ञात असणार. रचना कारखान्याच्या हाती जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या सहीनिशी, इथेच, सर्वांना वाचता येईल असे, एका शब्दात उत्तर द्यावे.

सन १९३४, मे महिन्यातील दुसऱ्या सोमवारी, होटगीच्या पुढच्या त्या रानात, बैल थांबले, मिस्त्री थांबले आणि मी थांबलो, त्या जागी आपण थांबला होता — होय की नाही?

आपला,
एक निवृत्त सरकारी वकील, सोलापूर