अनेरकाठची हिरवी फांदी

आमच्या ह्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला. त्यातून ते वाचले, पण दवाखान्यातून घरी आले ते जणू दुसरेच कोणी. कशात म्हणून लक्ष नाही, पेपरसुद्धा घडी न मोडता पडून राहायचा. डॉक्टर म्हणत, "चाला, फिरा," आणि हे उंबरठा ओलांडायला तयार नाहीत. मी आमच्या खानदेशच्या देवीपुढे, कानबाईपुढे दिवा लावून एकच मागायची, माझ्या माणसाला आयुष्य दे. खरं सांगते, ती ऐकते आहे की नाही, अशी शंका मला यायला लागली होती.

ही ऐंशीच्या दशकातली, आम्ही धुळ्याला असतानाची गोष्ट. शेजारच्या प्राध्यापकांची निसर्गमंडळी हिवाळ्यात शिरपूरच्या पुढे, अनेर नदीच्या अंगाने सातपुड्यात पायी हिंडायला जात. त्यांनी फारच गळ घातली, तेव्हा हे कसेबसे माझ्याबरोबर एसटीत बसले.

वाट दाखवायला तिथले एक म्हातारे पावरा आदिवासी होते, सगळे त्यांना नाना म्हणत. जंगलाच्या तोंडाशी वाघदेवाचा शेंदरी दगड होता. तिथे नानांनी प्रत्येकाला एकेक हिरवी डहाळी वाहायला लावली. वाघाला पाला कशाला, असं मी हळूच विचारलं, तर ते नुसते हसले आणि माझी पिशवी त्यांनी आपल्या खांद्यावर घेतली. ह्यांच्या गोळ्या त्या पिशवीतच राहिल्या.

आम्ही दोघं हळूहळू मागे पडलो. पुढे वाटेला दोन फाटे फुटले. एक वर चढत होता, दुसरा खाली उतरत होता, आणि उतरत्या वाटेवर एक ताजी फांदी आडवी ठेवलेली. इथेही देवाचं ठाणं असणार, असं मला वाटलं. मी आणखी एक डहाळी तोडून त्या फांदीवर वाहिली, हात जोडले आणि मोठ्या भक्तिभावाने ह्यांना घेऊन त्याच वाटेने निघाले.

थोडं उतरलो आणि हे छातीवर हात ठेवून मटकन खाली बसले. कपाळावर घाम फुटला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. हाका मारल्या, कोणी ओ देईना. मग मीही त्यांच्याशेजारी बसले आणि कानबाईला म्हटलं, आई, आता माझ्याच्याने होत नाही, तूच बघ.

तेवढ्यात झाडीतून एक म्हातारी आली, डोक्यावर सरपणाचा भारा. आम्ही इथे कसे आलो, याचंच तिला नवल वाटलं. "आठे कशा उनात? वाटवर फांदी टाकेल शे ना? मांगून येणारा चुकाले नको म्हणून टाकतस. ही वाट बंद शे." मग ह्यांच्याकडे पाहून तिने भारा टाकला, हात तोंडाशी नेऊन लांब हाळी दिली. वरून नानांची ओ आली. ते पिशवी घेऊन धावत उतरले आणि गोळी जिभेखाली गेली.

"वर खडी चढण शे," नाना मला म्हणाले. "तठे ह्यास्ले काही व्हतं तर खाले आणता येतं नई." त्या बाईला कोणी पाठवलं, याचा वाद मला आजही घालायचा नाही.

जरा वेळाने ह्यांचा श्वास ताळ्यावर आला. खाली नदी खळखळत होती. हे कितीतरी वेळ तिकडे पाहत राहिले आणि म्हातारीला म्हणाले, "आक्का, ही नदी येते कुठून?"

कित्येक महिन्यांत त्यांनी कोणाला काही विचारलं नव्हतं. मी पदर तोंडाला लावून रडले. मी आपली नुसतं आयुष्य मागत होते. त्या आयुष्यात माझा माणूसही परत हवा, हे मागायचं मला सुचलंच नव्हतं. कानबाईला मात्र सुचलं.