घाटात मी कुणासंगं आले?

मैत्रिणींनो, आज गावच्या यात्रेत पहिल्यांदाच घाटात, म्हणजे गाडे पळतात त्या धावपट्टीच्या कडेला, उभं राहून बैलगाडा शर्यत पाहिली. ओरडून घसा पार बसलाय.

आमच्या सोन्या बैलाचं चारापाणी वर्षभर माझ्याकडंच असतं. शर्यतीच्या दिवशी मात्र बायकांनी पाहुण्यांसाठी पोळ्या लाटायच्या आणि निकाल फोनवर ऐकायचा. आज पोळ्या उरकल्या आणि सरळ घाट गाठला.

तिथं शेजारी उभे असलेले एक पावणं म्हणाले, “वहिनी, हितं बायांचं काय काम? कुणासंगं आलाय?”

मी म्हणलं, “त्या गाड्याला सोन्या जुंपलाय ना, त्याच्यासंगं. वासरू व्हतं तवापासून.”

बाईला शर्यतीचा नाद कसा लागला, असं आता सगळे विचारतायत. ज्याला हातानं वाढवला, त्याचं पळणं दुसऱ्याच्या तोंडून का ऐकायचं?

उद्याही गाडे पळवायच्या बाऱ्या आहेत. मी पुढंच उभी राहणार. तुमच्यातलं कोण येतंय?