बाबांचा पेपर आणि चाळीस कप चहा

बाबा सतरा वर्षं फौजेत होते आणि एवढ्या काळात त्यांनी शत्रूवर एकही गोळी झाडली नाही. त्यांनी चहा केला. बर्फात चहा, वाळवंटात चहा, पहाटे चहा, दुपारी चहा. पलटणीचे स्वयंपाकी ना! इतरांच्या घरी युद्धाच्या गोष्टी सांगतात, आमच्याकडे पातेल्यांच्या.

छावणीत निरक्षर जवानांसाठी वर्ग असे. रोज चार वाजता. आणि पलटणीचा चहाही चार वाजता! म्हणजे बाकीचे जवान चहाचे घोट घेत अक्षरं गिरवायचे आणि चहा करणारा मागे पातेली घासायचा. बाबा तीनदा परीक्षेला बसले. (म्हणजे बसायला निघाले.) पहिल्यांदा बडे साहेब जेवायला आले. दुसऱ्यांदा छावणीच हलली. तिसऱ्यांदा बाबा चक्क बाकावर जाऊन बसले, तर सुभेदार दारातून गरजले, "अरे, तू यहाँ? फिर खाना कौन बनाएगा?" बरोबरीचे ती परीक्षा पास होऊन हवालदार झाले, बाबा मात्र अंगठेबहाद्दर म्हणूनच वसईच्या खाडीकाठच्या गावाला परतले.

हे सांगताना बाबा हसायचे आणि मी चिडायचे. मी शिक्षिका! फुलपाड्यातल्या शेकडो पोरांकडून बाराखडी घोटवून घेतलेली बाई, आणि बापाचा अंगठा शाईत! "एक दिवस जेवण उशिरा झालं असतं तर पलटण मरणार होती का?" असं म्हणत मी त्या सुभेदाराचा यथेच्छ उद्धार करायचे.

यंदा आमच्या शाळेत प्रौढांची साक्षरता परीक्षा आली. मी बाबांना न विचारता त्यांचं नाव घातलं. वय शहात्तर.

"मना आता काय येनार गो बाय?"

"मी शिकवते. बसा!"

तीन महिने शिकवलं. मी आवाज चढवला की बाबा ताडकन उभे राहायचे. (माझ्या शिकवण्याबद्दल आई जे बोलली ते छापण्यासारखं नाही.) पण त्यांनी पाटी सोडली नाही. एकदा हळूच म्हणाले, "पास-नापास मागनं बघू गो. एकदा पेपर पुरा लिवायचाय."

परीक्षेच्या रविवारी बाबा गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून सातलाच तयार. पेपर दहाला! शाळेत पस्तीस जण आले होते. सातिवलीच्या कारखान्यांतल्या बायका, आमच्या गल्लीतल्या आज्या, आणि पहिल्या बाकावर ताठ बसलेले बाबा.

पेपर सुरू झाला आणि हेडसर धावत आले.

"बाई, चहावाला आलाच नाही! आणि तपासणीचे साहेब अर्ध्या तासात पोचतायत!"

व्यवस्था सगळी माझ्याकडे. माझं डोकंच चालेना. तेवढ्यात खिडकीतून मला एक अनुभवी माणूस दिसला.

"बाबा! जरा चहाचं बघता? पाचच मिनिटं!"

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली, उठले आणि शाळेच्या खिचडीच्या शेगडीकडे चालू लागले.

चाळीस माणसांचा चहा पाच मिनिटांत होत नाही, हे कळायला शिक्षण लागत नाही. दूध तापलं तर साखर संपली. साखर आली तर साहेब आले. साहेब "वा!" म्हणाले, म्हणून दुसरं आधण चढलं. मग कप कोण विसळणार? मी यादी घेऊन साहेबांच्या मागे पळत होते.

वेळ संपली. पेपर गोळा करताना एका पेपरावर माझा हात थांबला. नावाच्या जागी मोठ्या अक्षरांत 'गोविंद', पुढे आडनावाचं पहिलं अक्षर. खाली सगळं कोरं. तो पेपर घेऊन मी तशीच बाहेर धावले.

बाबा नळावर कप विसळत होते.

"बाबा, उठलात कशाला? नाही म्हणायचं ना मला!"

"नाय कसा म्हननार? तू सांगितलंस."

"अहो, पण तुमचा पेपर!"

"ऱ्हाऊ दे गो. पुढल्या साली."

आणि बाबा हसले. सुभेदाराची गोष्ट सांगताना हसायचे ना, तस्सेच. मला तिथेच रडू फुटलं.

हेडसर समजूत घालायला आले. "बाई, घाईगडबडीत होतं असं. तुमच्या लक्षात तरी कसं येणार?"

मी मान डोलावली. काय सांगणार? चहा फक्कड झाला होता. मी दोन कप प्यायले, आणि दुसरा तर पहिलाच बाक रिकामा दिसला म्हणून त्यावर टेकून, अगदी निवांत!