इश्बलचा कोपरा

कॅनडाच्या रानातल्या त्या वस्तीत घर एका दिवसात उभं राहायचं. शेजारी जमायचे, चार कोपऱ्यांवर चार कुऱ्हाडवाले चढायचे. खालचे लोक ओंडके वर ढकलायचे आणि वरचे खाचा पाडून ते एकमेकांत बसवायचे. विधवा इश्बल मॅकफीच्या घराच्या दिवशी मात्र चौथा गडीच आला नाही. त्याने सकाळी स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतली होती, अगदी खरोखरची.

उद्यापासून सगळे गव्हाच्या कापणीला लागणार आणि मागोमाग बर्फ. आज भिंती उभ्या राहिल्या नाहीत, तर बर्फाआधी घर बांधायच्या अटीवर दिलेली जमीन सरकार परत घेणार आणि इश्बल पुन्हा दिराच्या दारात, जावेचे टोमणे ऐकत. दोन हिवाळे ऐकले होते तिने. आता पुरे!

नवऱ्याची कुऱ्हाड घेऊन ती चौथ्या कोपऱ्यावर चढली.

"अगं ए, उतर खाली!" समोरच्या कोपऱ्यावरून लॉखलन ओरडला. "तू आपली चूल सांभाळ!"

चूल तिने पहाटेच मांडली होती. घर झाल्यावर जिथे ती असणार तिथेच, चारही भिंतींच्या मधोमध, दगडांवर वाटाणे आणि खारवलेल्या मांसाचा हंडा शिजत होता.

"कोंबड्यांचं खुराडं एकटीनं बांधलंय तिनं," खालून म्हातारा फर्कर म्हणाला. "तुझ्या गोठ्यापेक्षा सरळ आहे ते, लॉखलन."

सगळे हसले. इश्बलची पहिली खाच तिरकी गेली, ओंडका डगमगला. दातओठ खात तिने ती पुन्हा तासली. दुसरी बसली. तिसरीनंतर तिला कशाचं भानच उरलं नाही. ढलप्या उडत होत्या, "हं, येऊ दे वर!" म्हणून ती ओरडत होती, आणि लॉखलनचा कोपरा चक्क मागे पडत होता. काय आनंद झाला म्हणून सांगू तिला! नवरा गेल्यापासून ती इतक्या मोठ्यानं बोललीच नव्हती.

सूर्य झाडांना टेकला तेव्हा शेवटचा ओंडका बसला. फर्करने शिडीवर चढून तिच्या खाचेत चाकूचं पातं घालून पाहिलं. शिरेना.

"झालं घर!" तो गरजला आणि टोप्या हवेत उडाल्या. इश्बल एका वाशावरून घसरत आतल्या बाजूला उतरली.

"पोटात कावळे ओरडतायत," लॉखलन म्हणाला. "हंडा कुठाय?"

सगळे भिंतीकडे बघत राहिले. दार नेहमी भिंती झाल्यावरच कापायचं, आणि हंडा राहिला होता आत. वास मात्र फटींतून खुशाल बाहेर येत होता.

"इश्बल! काय करतेयस आत?"

"चूल सांभाळतेय, तूच म्हणालास ना!" आतून आवाज आला. "दार पूर्वेला हवंय मला. घे करवत, लाग कामाला. माझ्या घरातून कुणी उपाशी जायचं नाही."

'माझ्या घरातून' हे शब्द तिने पुन्हा एकदा, हळूच म्हणून पाहिले. पण तोवर बाहेर करवत सुरू झाली होती.