दोनदा पडलेली साखर

हॉस्पिटलच्या धुलाई-खात्यात तिला सगळे ताई म्हणत, आणि ती राहायची त्या चार मजली इमारतीत बरणीताई. पहिलं नाव वयामुळे पडलं होतं, दुसरं हातामुळे. इमारतीत कुणाचं लग्न ठरलं, कुणाला मूल झालं, कुणी नोकरीतून निवृत्त झालं, की बातमीच्या मागोमाग एक पिशवी जिना चढून तिच्या दारात यायची. पिशवीत फळं आणि व्होडकाच्या बाटल्या. आणणारा दारातच उभा राहून म्हणायचा, "ताई, तुमच्या हातचं नसेल तर काय मजा?" ताई पिशवी घ्यायची. बावीस वर्षांत तिने एकही पिशवी परत पाठवली नव्हती.

ही विद्या तिला हॉस्पिटलातल्या एका म्हाताऱ्या नर्सबाईंनी दिली होती. धाकट्या बहिणीचं लग्न होतं आणि द्यायला हातात काही नव्हतं. नर्सबाईंच्या सांगण्यावरून तिने आलुबुखार व्होडकात मुरत घातले आणि सहा बाटल्यांच्या गळ्याला रिबिनी बांधून नेल्या. त्या सहा बाटल्यांच्या चवीची आठवण लोक अजून काढतात. खरं तर त्यात जरा कडवटपणा उतरला होता, संत्र्याच्या सालीची पांढरी पाठ नीट खरवडली गेली नव्हती. पण ते तिचं तिला माहीत.

काम दिसायला सोपं. फळ धुवायचं, पुसून कोरडं करायचं, काट्याने सगळीकडून टोचायचं, बरणीत घालायचं, वरून व्होडका, दालचिनीचा एक तुकडा, संत्र्याच्या दोन साली. मग वाट बघायची. तिसऱ्या दिवशी फळाच्या अंगाभोवती गुलाबी धूर उठतो. आठव्या दिवशी बरणीत संध्याकाळ होते. विसाव्या दिवशी साखरेचा पाक पडतो आणि मग तो रंग असा काही खोल होतो की बरणीला हात लावताना आवाज आपोआप खाली येतो. हे सगळं खरं. पण रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक बरणी पोटाशी धरून हलवायची असते, हे कुणी बघत नाही. पस्तिसाव्या दिवसानंतर मलमलच्या फडक्यातून तीन-तीनदा गाळायचं असतं, गाळ एका जागी बसेपर्यंत थांबायचं असतं, बाटल्या उकळायच्या असतात, पुसायच्या असतात. ते सगळं करायचं आठ तास उभं राहून चादरींना इस्त्री केल्यानंतर.

तिचे पाय आता दुपारनंतर तिचे राहत नसत. खात्यातली जोडीदारीण म्हणायची, "ताई, तुझे पाय इस्त्रीच्या टेबलापाशीच ठेवून जात जा. सकाळी तिथेच मिळतील." ताई हसायची. हसायलाही बळ लागतं हे तिला अलीकडे कळायला लागलं होतं.

यंदा तिने मनाशी पक्कं केलं होतं: आता पुरे. पुढची पिशवी जी कुणाची येईल, तिला हात जोडायचे.

पुढची पिशवी धाकटीची आली. धाकटीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

"साठ बाटल्या गं ताई," धाकटी सोफ्यावर पाय वर घेऊन बसत म्हणाली. "मुलाकडच्या प्रत्येक घराला एक. मी सांगूनसुद्धा टाकलंय. तिची सासू म्हणाली, असा आहेर कुणी दिलेला ऐकला नाही."

"साठ?"

"लहानच बाटल्या. अगदी एवढ्याशा."

ताईने तोंड उघडलं. 'नाही' तिच्या जिभेवर आलंही होतं. पण समोर बसलेली ही बाई, जिला तिने कडेवर घेऊन वाढवलं होतं, जी अजून रुसली की महिना महिना बोलायची नाही, तिच्याकडे बघितल्यावर तो शब्द मागे फिरला. आईवडिलांच्या मागे ताईला माहेर म्हणून हीच एक उरली होती. भाचीच्या लग्नाला नाही म्हटलं तर हे दारही बंद व्हायचं.

"ठेव तिकडे," ताई म्हणाली.

तिचा नवरा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. त्याची पाळी दुपारी तीनला सुरू व्हायची, तिची दोनला संपायची. बहुतेक दिवशी दोघांची गाठ इमारतीच्या फाटकापाशी पडे, एकाने डबा दुसऱ्याच्या हातात द्यायचा, एवढाच संसार. बाकीचं बोलणं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर. 'गॅस संपतोय.' 'तुझं औषध आणलं.' 'नळवाला उद्या येईल.' यंदाच्या तीन मोठ्या बरण्यांचे दिवसही तिथेच, लाल पेनाने. विसाव्या दिवसाच्या चौकोनात तिने एकच शब्द लिहिला होता: साखर.

तो कमी बोलणारा माणूस. पण बायको बरणी उचलताना भिंतीला पाठ टेकवते, हे त्याने पाहिलं होतं. जिन्यात ती प्रत्येक मजल्यावर थांबते, हेही. लिफ्टवाल्याच्या बायकोला चौथ्या मजल्यावर बिनलिफ्टच्या इमारतीत राहावं लागतं, हा त्याच्या आयुष्यातला एक जुना विनोद होता, आणि तो आता त्याला बोचायला लागला होता.

विसाव्या दिवशी सकाळी ती कामावर गेल्यावर त्याने बाहेरून साखर आणली. बावीस वर्षं बघत आला होता, माप त्याला पाठ होतं. पाक केला, पंख्याखाली गार केला, तिन्ही बरण्यांत वाटून घातला, पातेलं घासून पालथं ठेवलं. कॅलेंडरवर काही लिहिलं नाही. घरी आल्यावर बघेल, म्हणेल, 'अगंबाई, तुम्ही केलंत?' एवढीच त्याची हाव. फाटकापाशी डबा घेताना तो सांगणारही होता, पण तेवढ्यात कुठल्यातरी इमारतीत लिफ्ट अडकल्याचा फोन आला आणि तो पळाला.

ताई वर आली. चौकोनात लिहिलं होतं साखर. तिने पाक केला. झाकण काढलं तर बरणीत पाकासाठी ठेवलेली चार बोटांची जागा दोन बोटांवर आलेली. ती क्षणभर बघत राहिली. मग म्हणाली, "माझीच मापं आता चुकायला लागली." फळं जास्त पडली असतील, त्यांनी रस सोडला असेल. पाक जेमतेम मावला. तिन्ही बरण्या काठोकाठ भरल्या. चाखायचा तिचा रिवाज नव्हता. मुरायच्या आत जीभ लावली की फळ बिथरतं, असं नर्सबाई म्हणायच्या, आणि तिने ते कधी मोडलं नव्हतं.

तो परत आला तेव्हा ती झोपली होती. त्याला वाटलं, बघितलं असेल. सकाळी ती काही बोलली नाही. त्याला वाटलं, थकली असेल. तोही गप्प राहिला. दोघांनाही दुसऱ्याच्या गप्प बसण्याची इतकी सवय झाली होती की त्यात काही वेगळं शोधायचं कुणाच्या मनात आलं नाही.

चव बघायचा दिवस उजाडला तो सुट्टीचा होता. धाकटी सकाळीच हजर. हातात छापून आणलेली साठ लेबलं, त्यांवर सोनेरी अक्षरांत भाचीचं आणि तिच्या नवऱ्याचं नाव. लग्नाला बरोबर दहा दिवस उरले होते.

ताईने पळी बुडवून पहिल्या बरणीतलं थोडं पेल्यात काढलं. रंग बघण्यासारखा उतरला होता. तिने घोट घेतला, आणि पेला खाली ठेवला.

"काय झालं?" म्हणत धाकटीने तोच पेला उचलला. घोट घेतला आणि तिला ठसकाच लागला. "ताई! हे काय खोकल्याचं औषध केलंयस?"

ताईने दुसरी बरणी चाखली. तिसरी चाखली. तिचा चेहरा धुतलेल्या चादरीसारखा पांढरा पडला. "मी एकदाच घातली. माप तेच. मी शप्पथ सांगते, एकदाच."

दारात उभ्या असलेल्या ताईच्या नवऱ्याने हातातल्या वर्तमानपत्राची हळूहळू घडी केली. "मीपण घातली," तो म्हणाला.

"काय?"

"साखर. सकाळी. तू कामावर होतीस. म्हटलं, तेवढंच तुझं एक काम कमी."

ताईने त्याच्याकडे पाहिलं, बरण्यांकडे पाहिलं. मग ताईला हसू आलं. अगदी आतून, पोट धरून. हसता हसता ती खुर्चीवर बसली आणि डोळे पुसायला लागली. ते पाणी हसण्याचं की कशाचं, हे तिलाही नीट कळलं नाही. लग्नाच्या तेहतीस वर्षांत या माणसाने पहिल्यांदा बरणीला हात लावला होता.

"हसतेस काय?" धाकटी म्हणाली. "ह्याचं करायचं काय ते सांग."

"करायचं काय, तोडायला लागेल गोडवा. तेवढीच दारू आणखी, लिंबू-संत्र्याचा रस, आणि पुन्हा मुरवायचं."

"मग कर ना. दहा दिवस आहेत."

"तेवढंच आणखी ओतायचं म्हणजे दुप्पट होणार ते. सव्वाशे बाटल्या. सव्वाशे गाळायच्या, सव्वाशे उकळायच्या."

"चांगलंच की! आमच्याकडच्या पाहुण्यांनाही देता येतील. लेबलं मी आणखी छापून आणते."

ताईने बरण्यांकडे पाहिलं. मग आपल्या पायांकडे. घोटे सुजून चपलेच्या पट्ट्याबाहेर आले होते. सव्वाशे हा आकडा तिच्या डोक्यात शिरेचना; तो दारातच उभा राहिला, पिशवी घेऊन आलेल्या माणसासारखा.

"नाही," ती म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. माझ्याच्याने होणार नाही. बरण्या अशाच हॉलवर घेऊन जा. सोडा ठेव, बर्फ ठेव, लिंबं चिरून ठेव. पेल्यात दोन बोटं हे घालायचं, वरून सोडा, अर्धं लिंबू. फार सुरेख लागेल, बाटलीतल्यापेक्षा सुरेख. पण ज्याचं त्याने करून घ्यावं."

"आणि मी तिच्या सासूबाईंना काय सांगू? साठ घरांना काय देऊ? लेबलं?"

"लेबलं दुसऱ्या कशावर लाव."

धाकटी उठून उभी राहिली. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला, लहानपणी व्हायचा तसाच. "इमारतीतल्या सगळ्या परक्यांचं बावीस वर्षं केलंस. माझ्याच मुलीच्या वेळी तू थकलीस?"

"तुझी मुलगी जन्मली तेव्हापासून थकलेय गं मी. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

"आता सांगायचं होतं?"

"आता सांगितलं."

संध्याकाळी धाकटीचा नवरा येऊन बरण्या घेऊन गेला. बिचारा जिन्यात तीनदा चढला-उतरला, आणि तिन्ही वेळा ताईची नजर चुकवून म्हणाला, "होईल शांत ती." पण दहा दिवसांत धाकटीचा फोन आला नाही. ताई दुपारी घरी येऊन मोकळ्या कोपऱ्याकडे बघत बसायची. हात रिकामे ठेवायची तिला सवय नव्हती. दोनदा तिने फोन उचलला, दोनदा ठेवला. आपण एक शब्द बोललो आणि माहेर गेलं, असं तिला वाटत राहिलं.

लग्नाच्या दिवशी हॉलच्या कडेला लांब टेबल मांडलं होतं. तिन्ही बरण्या, बर्फाची घमेली, चिरलेली लिंबं. वाढायला ठरवलेल्या पोरांनी पहिल्या दहा मिनिटांतच घोळ घातला, कुणाला नुसता पाक, कुणाला नुसता सोडा. मग धाकटी स्वतः पळी घेऊन उभी राहिली. भोवती ही रांग. मुलाकडच्या एका काकांनी तिसऱ्यांदा पेला पुढे केला तेव्हा ती म्हणाली, "काका, लग्न तुमचं नाही," आणि सगळे हसले.

ताई पलीकडे खुर्चीवर बसली होती. पाहुण्यासारखी. दोनदा तिचं बूड खुर्चीवरून उठलं. पोरं लिंबू आधी पिळत होती, बर्फावर. चूक होतं ते. दोन्ही वेळा नवऱ्याने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"बस."

"अहो, लिंबू..."

"आंबट होऊ दे."

ती बसली. बसणं अवघड होतं. उभं राहण्याइतकंच अवघड, पण पाय दुखत नव्हते एवढाच फरक. भाची येऊन गळ्यात पडून गेली. भाचीची सासू लांबूनच हसली; नाराज होती की नाही कळलं नाही.

पंगती उठल्या, गर्दी पांगली, तेव्हा धाकटी आली. ठेवणीतल्या साडीवर गुलाबी डाग, कोपरापर्यंत चिकट हात. शेजारच्या खुर्चीत तिने अंग टाकलं, चपला काढून पाय समोरच्या खुर्चीवर ठेवले.

"नुसतं वाढलं मी," धाकटी म्हणाली, समोर बघतच. "तीन तास. नुसतं वाढलं."

"हं."

"माझे पाय गेले गं ताई."

ताईने वाकून तिचा एक पाय आपल्या मांडीवर घेतला आणि अंगठ्याने तळवा दाबायला लागली. धाकटीने पाय ओढून घेतला.

"तू नको दाबूस," ती म्हणाली. आवाजात अजून राग होता, सगळा गेला नव्हता. आणि तो एवढ्यात जाणारही नव्हता, हे दोघींना ठाऊक होतं. मग तिने मान वळवली आणि आपल्या नवऱ्याला हाक मारली. "अहो, ऐकलं का? तिकडे उरलं असेल तर दोन पेले आणा. तुम्ही स्वतः करून आणा."

तो गेला. टेबलापाशी त्याने बरण्या वाकवून पाहिल्या, लिंबू शोधलं, सोड्याची बाटली दोनदा उघडता उघडता शर्टावर सांडली. दोघी बहिणी बघत बसल्या. दोघींपैकी एकही उठली नाही.