गंगाक्काची सवत

गंगाक्का भांडायची तमिळमध्ये आणि चिडायची मराठीत. भाजीवाली, रिक्षावाला, गॅसचा माणूस, सगळ्यांशी तिचं तमिळ खणखणीत चाले, पण त्यात खरा राग नसे. ती मराठीवर आली की मात्र कुंभकोणमजवळच्या साक्कोट्टैतल्या तिच्या घरात मांजरसुद्धा थांबत नसे. मराठीही आमच्या तंजावरकडच्या घरांतली, तीनशे वर्षांपूर्वीची. पुण्यात तीस वर्षं बँकेत काढून मी कुंभकोणमला परतलो, तेव्हा म्हणाली, "रघू, तुजी मराठी पेपरासारखी जाली. बोलतोस कीं वाचतोस?"

ती माझी थोरली बहीण. माहेरची गंगा, सासरची लक्ष्मी. ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायचं, ही रीत आमच्या घरांनी इतक्या दूर येऊनही सोडली नाही. आजूबाजूच्या तमिळ लोकांत मुलीचं नाव तेच राहतं, फक्त नावाआधीचं अक्षर बापाचं जाऊन नवऱ्याचं येतं. एवढ्याशा फरकापायी माझ्या बहिणीचे जे हाल झाले, ते आठवले की अजून माझं डोकं फिरतं.

भावोजी सरकारी शाळेत कारकून होते. ते गेल्यावर अक्काला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायचं होतं. मूलबाळ नव्हतं, दुसरा आधार नव्हता. अर्ज मी भरला, आणि गाढवपणा तिथेच केला. 'वैवाहिक तपशील' म्हणून एक अख्खं पान होतं. विवाह किती, पत्नींची नावं काय, कोणता विवाह कधी आणि कसा संपला. मी लिहिलं, विवाह एक, पत्नी लक्ष्मी, आणि पुरावा म्हणून लग्नाची पत्रिका जोडली. पत्रिकेवर अर्थातच गंगा. लग्नाची रजा मागताना भावोजींनी तीच पत्रिका दिलेली, म्हणून त्यांच्या सेवापुस्तकातही गंगा. आधार, रेशनकार्ड, बँक, सगळीकडे लक्ष्मी.

पेन्शन कचेरीच्या खिडकीतल्या साहेबाने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "पाट्टी, ही गंगा कोण?" त्याने अक्काला विचारलं. म्हाताऱ्या बाईला इथे सगळे पाट्टीच म्हणतात.

"मीच."

"मग लक्ष्मी?"

"तीही मीच."

"लग्नात इनिशियल बदलतं, पाट्टी. नाव कसं बदलेल? ही पहिली बायको, तुम्ही दुसरी. पहिलीचा मृत्यूचा दाखला आणा, नाहीतर घटस्फोटाचा."

इतका वेळ तमिळ बोलणारी अक्का एकदम मराठीवर आली. "पन्नास वर्षें त्या चुलीपुढें मी एकटी उभी होतें. सवत कोठें लपली होती, कणगींत?" त्याला अक्षर कळलं नाही. कळलं असतं तरी त्या मठ्ठाने काय दिवे लावले असते, देव जाणे.

मग खेपा सुरू झाल्या. दोन्ही नावांची बाई एकच, असा दाखला हवा होता आणि त्यासाठी लग्नाला हजर असलेला साक्षीदार. चोळपुरमची तिची सासरची म्हातारी माणसं केव्हाच संपली होती. उरलो मी. "तुम्ही सख्खे भाऊ. तुमची साक्ष चालत नाही," साहेब म्हणाला. इकडे पैसे पुरेनात म्हणून अक्का मधुमेहाच्या गोळ्या अर्ध्या मोडून घेऊ लागली. मी मदत करतो म्हटलं की उत्तर ठरलेलं, "नवऱ्यानें राबून ठेविलेलें आहे तें मला मिळूं दे. तुज्या बायकोच्या ताटांतलें मला नको."

कचेरीबाहेर अर्ज भरून देणारा एक माणूस बसे. त्याने वाट दाखवली. "सार, वाद कशाला घालता? पहिलीला मेली म्हणून टाका. जुना मृत्यू, नोंद सापडत नाही, एक प्रतिज्ञापत्र, दोन सह्या."

मी ते अक्काला सांगितलं. ती उडदाची डाळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं. "बाबांनी ठेविलेलें नांव तें. त्या नांवानें हांक मारणारीं अस्कीं गेलीं, तूंच एक उरलास. आणीक तूंच तिला मारणार?"

मी तो विषय सोडला. पण पुढच्याच महिन्यात ती नळापाशी चक्कर येऊन पडली, आणि माझा संताप अनावर झाला. त्या साहेबावर, त्या पानावर, आणि खोटं कशाला बोलू, तिच्या हट्टावरही. तिच्या सहीचा, परत आलेला अर्ज माझ्याकडे होताच; त्यात विवाह एकचे दोन केले. मी जाऊन प्रतिज्ञापत्रावर सही केली. 'मयताशी नातं' या रकान्यात लिहिलं, भाऊ. दोघी एकच आहेत हे सांगत होतो तेव्हा भावाची साक्ष चालत नव्हती. एक मेली म्हटल्यावर लगेच चालली. साहेबाने मला बसायला खुर्चीसुद्धा दिली.

मंजुरीचा कागद पोस्टाने आला. अक्काने तो शेवटपर्यंत वाचला. 'पहिली पत्नी गंगा, मयत.' ती तमिळमध्ये भांडली नाही, मराठीत चिडली नाही. मागच्या अंगणात गेली, विहिरीचं पाणी शेंदलं आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून ओतून घेतलं, जवळचं माणूस गेल्याची बातमी आली की आमच्यात घेतात तसं. मग दुसरी बादली भरून तिने माझ्यापुढे ठेवली.

"तूंही न्हा. तुजी बहीण गेली."

मी न्हालो. तिने निवृत्तिवेतन घेतलं, गोळ्या पुऱ्या घेतल्या आणि आणखी तीन वर्षं जगली. पण गंगाक्का म्हणून हाक मारली, तर तिने कधीच ओ दिली नाही.