बाळंतिणीच्या खोलीची तपासणी

इमारत भूकंपात टिकेल का, हे बघून सांगायचं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. सांगलीतल्या, खाली पार्किंगसाठी नुसते खांब सोडलेल्या सोसायट्या बघते, फलटणकडच्या शाळा बघते, आणि खरं बोलले की लोकांची तोंडं आंबट होतात. एका चेअरमननं तर मला चहासुद्धा विचारला नव्हता. परक्यांचं मला काही वाटत नाही. पण पाटण खोऱ्यात थोरल्या बहिणीच्या घरी हातोडी काढावी लागली, ते मात्र अजून मनातनं गेलेलं नाही.

भाची पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. कराडच्या दवाखान्यात मुलगी झाली, आणि मायलेकी घरी आल्यावर मी बाळंतविडा घेऊन गेले. अक्कानं त्यांना ठेवलं होतं माजघराच्या आतल्या खोलीत. कोंदट, अंधारी, एकच झरोका आणि तोही चिंध्या कोंबून बंद केलेला. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून घरातली सगळ्यात जाड भिंतींची खोली तिला द्यायची, हे आमच्याकडं ठरलेलंच. मी खाटेवर बसले, बाळाला मांडीवर घेतलं आणि सवयीनं वर बघितलं.

डोक्यावर काँक्रीटचा स्लॅब होता. पूर्वी तिथं पत्रा होता. मिलिटरीतला भाचा सुट्टीवर आला, त्यानं पत्रा उतरवला आणि त्याच जुन्या दगडमातीच्या भिंतींवर स्लॅब टाकला. गावात स्लॅबच्या घराला मान असतो. पण तो मान भिंतीला कुठं कळतोय? मातीत रचलेले दगड, वर एवढं ओझं, आणि खालची जमीन अशी की अधूनमधून मांडणीवरची भांडी आपोआप वाजतात.

"अक्का, रंग कधी दिला गं हिथं?"

"दर दिवाळीला देतो की. भेगा बुजवायच्या, वरनं रंगाचा हात मारायचा. झ्याक दिसतंय का न्हाई?"

"भेगा? कसल्या भेगा?"

"आगं, जमीन हलली की पडत्यात त्या. समद्यांच्याच घरात पडत्यात. त्यात काय एवढं?"

कप्पाळ माझं! ज्या भेगा वाचून मी घराचं दुखणं सांगते, त्याच ही माणसं दर सणाला हौसेनं बुजवत होती. बाळ भाचीकडं दिलं, पिशवीतनं हातोडी काढली आणि भिंतीवर ठोकायला लागले. भरीव भिंतीचा आवाज टणक येतो. हिचा बद्द आला. कोपऱ्यातली पुट्टी खरवडली, तर खालून वरपर्यंत भेग, बोट आत जाईल एवढी. दोन्ही भिंती कोपऱ्यात एकमेकींना सोडून निघाल्या होत्या. बाहेर जाऊन बघितलं, तर भिंतीला पोट सुटलेलं. म्हणजे जोराचा धक्का आला की ही भिंत बाहेर फाकणार, आणि स्लॅब सरळ खाली, त्या खाटेवर.

मी तसंच तोंडावर सांगितलं. दाजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"आवं, पाव्हण्या म्हणून आलासा आन् भितच उकरून ठेवली! लेकीला काय पत्र्याखाली ठेवू? तिच्या सासरची माणसं काय म्हणतील?"

"ढिगारा उपसायला येतील तेव्हा काय म्हणतील, ते आधी बघा, दाजी."

अक्काचा चेहरा पांढराफटक पडला. "शुभ बोल गं बाई," ती म्हणाली. मी तोंडाळ आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे, पण त्या दिवशी मला माझ्याच बोलण्याची भीती वाटली. तरी मागं हटले नाही. घराला लागून पत्र्याची पडवी होती. लाकडी खांब, हलकं छप्पर. पडलंच तर माणूस वाचेल असं. पाटणच्या बाजारातनं ताडपत्री आणि जाड चादरी आणल्या, चारी बाजूंनी वारा बंद केला आणि मायलेकींना तिकडं हलवलं. स्लॅब उतरवा, पुन्हा पत्रा घाला, तोवर त्या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही, असं बजावून मी साताऱ्याला परतले.

काही दिवसांनी भर दुपारी अक्काचा फोन आला.

"आगं, हललं! लय जोरात हललं! म्हस दावं तोडून पळाली!"

"पोरी कुठायत?"

"हायत की पडवीत, बऱ्या हायत. आगं, पर ऐक तर! खोली हाय तशी हाय. एक खडा पडला न्हाई. उगंच भ्या घातलंस तू. आमचं घर पास झालं!"

ती हसत होती. आणि त्याच हसण्यात तिनं सांगितलं, की मायलेकींना परत आत नेलंय, बाहेर थंडी फार म्हणून.

मी फोनवर अक्षरशः किंचाळले. धक्का सोसलेली भिंत मजबूत होत नाही, अक्का, ती आतनं आणखी सुटते. आज वाचली म्हणजे उद्या वाचायची ताकद कमी झाली. "व्हय व्हय," अक्का म्हणाली, "बारशाला ये मातूर." दाजींना फोन केला, त्यांनी उचलला नाही. भाच्याला केला, तो म्हणाला, पुढच्या सुट्टीत बघू.

जावयाच्या सोयीसाठी बारसं लांबलं होतं. मी गेले, तर पाळणा त्याच खोलीत, स्लॅबच्या कडीला टांगलेला. खोली बायकांनी गच्च भरलेली. कोपरा पुन्हा बुजवून वर गुलाबी रंग दिलेला. रंगाचा वास अजून येत होता आणि त्या ताज्या रंगावरनंच केसाएवढी रेघ वर चढली होती. पुट्टी वाळताना फुटली म्हणावं, तर ती इकडंतिकडं फुटते. ही सरळ कोपरा धरून गेली होती. म्हणजे आता धक्का नसतानाही भिंत सरकत होती.

"मावशी," भाचीनं हळूच विचारलं, "आता भ्या न्हाई ना?"

पाळण्याचं गाणं थांबलं. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.

"आहे," मी म्हणाले. "पोरीला घे आणि बाहेर चल. आत्ताच्या आत्ता."

भाचीनं आईकडं बघितलं. अक्काच्या डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता. "आजच्या दिशी तरी नको गं," एवढंच ती म्हणाली. दारात भाचीच्या सासूबाई उभ्या होत्या. भाचीनं बाळाच्या कानावर दुपटं ओढलं, मान खाली घातली आणि जागची हलली नाही.

तिला दंडाला धरून ओढावंसं वाटलं. इथं काय होऊ शकतं हे एवढ्या बायकांत मला एकटीलाच ठाऊक होतं, आणि एकटीनं बाहेर पडणं मला जमेना.

"सरका जरा," मी म्हणाले, आणि भाचीच्या शेजारी, भिंतीच्या बाजूला जाऊन बसले.